एक माप, शेकडो कारखाने
घरगुती संगीत स्टुडिओसाठी लागणाऱ्या मॉड्युलर सिंथेसायझरचा धंदा आणि आपले कारागीर

व्यापाराच्या पानावर संगीतयंत्राचा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची कल्पना आहे. संगीताबाबत उलेमांमध्ये जी चर्चा आहे तिच्यात शिरण्याचा आमचा अधिकार नाही; आणि ज्यांना हा व्यवसाय मुळातच वर्ज्य वाटतो त्यांच्याशी वादही नाही. परंतु या लेखात गाणे फार थोडे येणार आहे. पत्रा येईल, सोल्डर येईल, लाकडी पेटी येईल आणि एका जर्मन गृहस्थाने सर्वांसाठी उघडे ठेवलेले एक माप येईल. त्या मापावर गेल्या तीस वर्षांत युरोप-अमेरिकेत शेकडो छोटे उत्पादक उभे राहिले. त्यांतले कित्येक घराच्या एका खोलीत काम करतात. ज्यांच्याकडे बाप-लेक किंवा दोघे भाऊ मिळून पत्राकाम, सुतारकाम किंवा वायरिंग करतात, त्यांनी ही हकिकत लक्षपूर्वक वाचावी एवढीच विनंती.

माप असे : पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर. रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत. विजेचा पुरवठा बारा व्होल्ट धन आणि बारा व्होल्ट ऋण. जोडणीला ३.५ मिलिमीटरचा मोनो जॅक, म्हणजे जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या इअरफोनला असायचा तोच. बस्स. या एवढ्याशा तपशिलाला जगभर 'युरोरॅक' म्हणतात.

खोलीतला स्टुडिओ

पूर्वी रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हटला की मोठी इमारत, काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट आणि तासावर भाडे, असे चित्र असे. आज अनेक संगीतकार घरच्याच एका खोलीत काम उरकतात. टेबलावर एक लाकडी पेटी, तिच्यात दोन-तीन ओळींत बसवलेले सुटे मॉड्यूल, आणि समोरून जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारख्या लोंबणाऱ्या रंगीबेरंगी वायरी. शेजारी छोटा मिक्सर, आवाज संगणकात उतरवणारी एक डबी आणि दोन स्पीकर. पेटीला हार्मोनियमसारख्या पट्ट्या असतीलच असे नाही, पुष्कळांकडे नसतातच.

प्रत्येक मॉड्यूलचे काम एकच असते. ऑसिलेटर स्वर निर्माण करतो. फिल्टर त्या स्वरातला कर्कशपणा छाटतो, जसा रंधा लाकडाचा खडबडीतपणा काढतो. ॲम्प्लिफायर किती आवाज बाहेर सोडायचा ते ठरवतो, आणि एन्व्हलप नावाचे मॉड्यूल आवाज झटकन उठावा की सावकाश, लगेच विझावा की रेंगाळावा हे त्याला सांगते. हे सर्व सुटे असल्याने कोणता घटक कुणाला जोडायचा ते मालकाच्या हाती. वायर काढली की जुना आवाज गेला आणि नवी घातली की नवा आला. 'सिक्वेन्सर' हे मॉड्यूल तर ठरवून दिलेले स्वर एकामागून एक आपोआप वाजवत राहते. येथे थोडे विषयांतर करतो. बगदादच्या बनू मूसा बंधूंनी नवव्या शतकात आपोआप वाजणाऱ्या बासरीच्या यंत्राचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात फिरत्या दंडगोलावरच्या खुंट्या बासरीची छिद्रे उघडझाप करीत. खुंट्यांची जागा बदलली की चाल बदलली. सिक्वेन्सर वेगळे काय करतो?

आता या यंत्राचे मर्म. ऑसिलेटरला एक व्होल्ट जास्त दिला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो, मंद्र सा चा मध्य सा होतो. सप्तकात बारा स्वर, म्हणजे एका स्वराच्या वाट्याला सुमारे ८३ मिलिव्होल्ट. सगळी कसोटी इथे आहे. हे गणित ज्या ट्रान्झिस्टरच्या जोडीवर चालते ती उष्णतेला फार हळवी असते. तापमान एक अंश वाढले की हिशेब सुमारे एक-तृतीयांश टक्क्याने हलतो आणि स्वर बेसूर होतो. म्हणून चांगला कारागीर तापमानाबरोबर उलट बाजूने बदलणारा खास रेझिस्टर त्या ट्रान्झिस्टरला चिकटवून बसवतो आणि एकेक नग कानाने व मीटरने जुळवतो. यंत्र सुरू केल्यावर वीस-तीस मिनिटे तापू द्यावे, मग सूर लावावा, असा रिवाज आहे. मुंबईच्या मे महिन्यात, पंखा कधी चालू कधी बंद अशा खोलीत, बनवणाऱ्याची परीक्षाच होते.

मूग साहेबांची बुडालेली कंपनी

या यंत्राचा उगम अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यातले रॉबर्ट मूग तरुणपणापासून थेरेमिन नावाच्या विद्युत वाद्याचे किट बनवून विकत असत. १९६४ मध्ये त्यांनी व्होल्टेजवर चालणारे सुटे मॉड्यूल बनवले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला यांनी वेगळ्या धाटणीचे तसेच यंत्र बनवले. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांची, मूग यंत्रावर बाखचे संगीत वाजवलेली रेकॉर्ड तुफान खपली आणि मूग यांच्याकडे मागणीची रीघ लागली. पण मूग हे इंजिनिअर होते, व्यापारी नव्हते. भांडवल अपुरे, कर्ज चढते. १९७१ मध्ये कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली. पुढे मूग स्वतःही १९७७ मध्ये बाहेर पडले, आणि १९८७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. हातात अप्रतिम माल, दारात गिऱ्हाइकांची रांग, आणि तरी धंदा बुडाला. आपल्या समाजातल्या किती कारखान्यांची ही कहाणी आहे, ते वाचकांना सांगायला नको.

त्या काळी आणखी एक अडचण होती. प्रत्येकाचे माप वेगळे. मूग यांची पट्टी मोठी आणि जॅक जाड, पाव इंची. बुक्ला यांची नियंत्रणाची जोडणी केळीच्या आकाराच्या पिनेची, आणि त्यांच्या एका मालिकेत सप्तकाला १.२ व्होल्ट. जपानच्या काही कंपन्यांचे व्होल्टेजचे गणितच निराळे. एकाचा माल दुसऱ्याच्या पेटीत बसत नसे. त्यामुळे गिऱ्हाईक एका दुकानाला बांधलेले, आणि नव्या माणसाने धंद्यात यायचे म्हणजे पेटीपासून वीजपुरवठ्यापर्यंत सारे त्यानेच बनवायचे. इतके भांडवल छोट्या कारागिराने आणावे कोठून?

१९८० नंतर स्वस्त डिजिटल कीबोर्ड आले. यामाहाचा 'डीएक्स-७' १९८३ चा. वायरींची ही पेटी तेव्हा अडगळीत गेली. मात्र त्याच वर्षी वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागतील अशी 'मिडी' नावाची पद्धत जाहीर झाली, आणि ती वापरण्याबद्दल कोणाकडून रॉयल्टी घेतली गेली नाही. तिच्यामागे अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी होते. हे काकेहाशी लहानपणीच आईबापाविना झालेले. तरुणपणी घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करीत. माप सर्वांचे एक असले की बाजार सर्वांचाच मोठा होतो, हे दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला जितके लवकर कळते तितके मोठ्या साहेबांना कळत नाही, असे आमचे मत आहे.

डॉपफर यांनी काय केले

म्युनिकजवळच्या ग्रेफेल्फिंग गावात डिटर डॉपफर यांचा छोटा कारखाना आहे. क्राफ्टवेर्क या जर्मन वाद्यवृंदासाठी केलेल्या कामामुळे त्यांचे नाव आधीच जाणकारांत होते. १९९५-९६ मध्ये त्यांनी 'ए-१००' नावाची मॉड्युलर मालिका बाजारात आणली. सुरुवातीला जेमतेम दहा-एक मॉड्यूल होते. त्यांनी माप नवे काढले नाही. प्रयोगशाळांत, टेलिफोन केंद्रांत उद्योगाची जी प्रमाणित चौकट आधीपासून मिळत होती, तीच उचलली. त्यामुळे रेल, स्क्रू, पट्ट्या सर्व बाजारात तयार. आणि पट्टीचे मोजमाप, वीजजोडणीचा क्रम, व्होल्टेज हे सारे त्यांनी उघडपणे छापून दिले.

आपल्याकडे पुष्कळ उस्ताद शेवटचा धागा शागिर्दालाही दाखवत नाहीत. त्यांची भीती अगदीच खोटी नसते. डॉपफर यांनी नुसता धागा नव्हे तर सगळी वीणच दाखवली, आणि झाले काय? दुसऱ्यांनी त्यांच्या पेटीत बसतील असे मॉड्यूल बनवले. गिऱ्हाइकाने एकदा पेटी घेतली की तो वाटेल त्याचा माल त्यात घालू लागला. एकच कल्पना सुचलेला माणूसही आता धंद्यात येऊ शकत होता, कारण उरलेल्या वीस गोष्टी दुसरे कोणीतरी बनवतच होते. डॉपफर मात्र मागे पडले नाहीत. दुसऱ्यांचे चमत्कारिक मॉड्यूल घेणाऱ्यालाही साधा मिक्सर, साधा ॲम्प्लिफायर लागतोच, आणि तो बहुधा डॉपफर यांचाच घेतला जातो. आज त्यांच्या एकट्याच्या यादीत शंभराहून अधिक मॉड्यूल आहेत. बर्लिनला २०१६ पासून या धंद्याचा 'सुपरबूथ' नावाचा वार्षिक मेळा भरतो. तेथे मोठ्या जपानी कंपनीच्या शेजारी दोन माणसांचा कारखानाही टेबल मांडून बसतो.

मागणी टिकल्याने एक नवलाची गोष्ट घडली. 'सीईएम ३३४०' ही ऑसिलेटरची चिप एके काळी नामांकित सिंथेसायझरमध्ये असे. नंतर तिचे उत्पादन बंद पडले आणि जुना साठा चढ्या भावाने विकला जाऊ लागला. २०१६ मध्ये ती पुन्हा बनू लागली. बंद पडलेली चिप बाजारात परत आणणारी मागणी मुख्यतः या छोट्या कारखान्यांची होती.

उघड्या दाराने चोरही येतो, हे नाकारून चालणार नाही. पॅरिसच्या 'म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स' या कंपनीच्या एमिली जिले यांनी डॉपफर यांच्याही पुढे जाऊन आपल्या मॉड्यूलची संपूर्ण रेखाटने आणि प्रोग्राम खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केले. अट साधी होती : नक्कल करा, पण आमच्या नावाने विकू नका. अनेकांनी ती पाळली आणि त्याच रेखाटनावर अरुंद, स्वस्त मॉड्यूल बनवून पोट भरले. पुढे मोठ्या कारखान्यांतून निघालेल्या स्वस्त नकलाही बाजारात आल्या. २०२२ मध्ये 'म्युटेबल'ने आपले काम आवरते घेतले. यावर या धंद्यात अजून कडाक्याचा वाद चालतो. आमच्या मते रेखाटन देणे हा देणाऱ्याचा मोठेपणा, परंतु नाव ही अमानत आहे. दुसऱ्याच्या नावावर माल खपवणे कोणत्याही परवान्याने हलाल होत नाही.

अहमदाबाद आणि मिरज

भारताचा या यंत्राशी संबंध नवा नाही. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग यंत्राचा स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केले. १९६९ ते १९७२ या काळातल्या त्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात वर्षानुवर्षे पडून होत्या. २०२३ मध्ये त्यांची निवड रेकॉर्डच्या रूपाने प्रसिद्ध झाली आणि परदेशी रसिक चकित झाले. पण आमची नजर व्यापाऱ्याची. यंत्र आले, वाजवणारे तयार झाले, तरी त्याच्याभोवती बनवणाऱ्यांचा धंदा उभा राहिला नाही.

मिरजेत याच्या उलट घडले होते. तेथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे, चकाकी देणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात ते काम ओसरले तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारख्यांनी तंबोरे-सतारींची दुरुस्ती आणि मग निर्मिती हाती घेतली. पिढ्यान् पिढ्या तो वसा चालला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मधल्या काळात, १९७९ च्या सुमारास, बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला. पिशवीत मावणाऱ्या त्या डबीने, आणि अलीकडे मोबाइलने, भोपळ्याच्या तंबोऱ्याचे पुष्कळ गिऱ्हाईक नेले. ती डबी मिरजेतच का बनली नाही, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. सूर ओळखणारे कान तेथे होते, सोल्डर करणारी पोरे तेथे होती. दोघांची गाठ पडली नाही.

आपल्या हाताला काय लागेल

आता व्यवहाराचे बोलू. हे यंत्र महाग आहे. साधे मॉड्यूल शंभर-दीडशे युरोला, गुंतागुंतीचे चारशे-पाचशेला. सरासरी दोनशे धरले तरी पंधरा मॉड्यूलचे तीन हजार युरो होतात. युरोचा भाव शंभर रुपयांच्या घरात धरल्यास हे तीन लाख झाले. त्यात आपल्याकडे कस्टम ड्युटी आणि कुरिअर. साहजिकच देशातले गिऱ्हाईक थोडे आहे. मुंबईत गिटारचे पेडल बनवणारी 'ॲनिमल फॅक्टरी' ही छोटी कंपनी याच मापाचे मॉड्यूलही बनवते, यावरून इथे हे अशक्य नाही एवढे सिद्ध होते. पण ज्याला इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नाही त्याने ऑसिलेटर बनवायला बसू नये. भांडवल जाईल आणि वर्षही जाईल.

मॉड्यूलच्या आसपासचे काम मात्र आपल्या कारागिरांच्या हातचे आहे. समोरची पट्टी कापणे-कोरणे, पेटी, रेल, जोडवायरी. पट्टीचे उदाहरण घ्या. आठ एकक रुंदीची पट्टी हिशेबाने ८ × ५.०८ म्हणजे ४०.६४ मिलिमीटर भरते. पण ती ४०.३० ला कापतात. ही ढील ठेवली नाही तर शेजारची पट्टी बसत नाही. चौकटीची उंची १३३.३५ आणि पट्टीची १२८.५ असते, कारण वरखाली रेलच्या कडेला जागा द्यावी लागते. पत्रा बहुधा दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमचा. भोके ३ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी, किंचित लांबट केलेली बरी. नेमप्लेट कोरणाऱ्या, सीएनसीवर काम करणाऱ्या मुलांना यात अवघड काही नाही.

पेटीची एक ओळ साधारण ८४ एककांची, म्हणजे ४२६.७२ मिलिमीटर. दहाचा ऑसिलेटर आणि आठ-आठचे फिल्टर, ॲम्प्लिफायर, एन्व्हलप, मिक्सर व मंद ऑसिलेटर घातले की पन्नास भरतात. चौतीस उरतात, आणि हौशी माणसाला ते रिकामे बघवत नाहीत. मग तो मॉड्यूल घेतो, ओळ भरते, आणि दुसरी पेटी लागते. सुताराचे गिऱ्हाईक असे पुन्हा पुन्हा येते.

लाकूड निवडताना सावध राहावे. शिसव आणि शिसमचा वर्ग २०१७ पासून आंतरराष्ट्रीय 'साइटिस' कराराच्या यादीत आहे, आणि सहारनपूरच्या कारागीर बांधवांना त्याची झळ चांगलीच बसली. २०२२ मध्ये शिसमच्या मालाला नगामागे दहा किलोपर्यंत सवलत मिळाली, तरी कागदपत्रे नीट ठेवल्याशिवाय माल बंदरावर पाठवू नये. नवख्याने सागवान किंवा आंब्याच्या लाकडावर सुरुवात केलेली बरी.

पेटीत वीजपुरवठा बसवून युरोपला पाठवायचा असेल तर प्रकरण वेगळे. तेथे शिशाच्या वापरावर निर्बंध आहेत. आपल्याकडे सर्रास मिळणारे साठ-चाळीसचे सोल्डर चालत नाही, शिसेविरहित लागते, आणि सीई खुणेसाठी तपासण्यांचा खर्च येतो. रिकामी पेटी किंवा नुसती पट्टी पाठवणाऱ्याला यातले बरेचसे टळते. आयात-निर्यात कोड मात्र दोघांनाही लागतो. बिलावर मालाचे वर्णन खरे लिहावे. कमी किंमत दाखवून गिऱ्हाइकाची ड्युटी वाचवण्याची गळ काही परदेशी खरेदीदार घालतात, तिला भुलू नये.

शेवटी वीजजोडणीबद्दल एक बारीक सूचना, कारण याच चुकीने सर्वात जास्त माल जळतो. मॉड्यूलला मागून चपटी रिबन केबल लागते आणि तिच्या एका कडेला लाल पट्टी असते. ती ऋण बारा व्होल्टच्या बाजूलाच यावी लागते. उलटी बसली की चिप क्षणात जळते, आणि पुष्कळदा धूरही निघत नाही. गिऱ्हाइकाला वाटते माल मुळातच खराब होता. पेटी बनवणाऱ्याने पुरवठ्याच्या पाटीवर ती बाजू ठळक रंगवावी, आणि शक्यतो एकाच बाजूने बसेल असा, खाच असलेला सॉकेट लावावा. असा सॉकेट साध्यापेक्षा किंचित महाग पडतो, पण लॅमिंग्टन रोडला खरेदीला जाल तेव्हा तोच मागा.